नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून: एमबीसीटीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीसीटी म्हणजे नेमके काय?

माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजेच एमबीसीटी, हा आठ आठवड्यांचा गटाने शिकायचा उपचारक्रम आहे. नैराश्याच्या आजारातून बाहेर आलेल्या, पण तो पुन्हा उलटण्याचा धोका असलेल्या व्यक्तींसाठी तो तयार झाला. सजगतेचे ध्यान आणि नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉग्निटिव्ह थेरपीतील काही भाग यांची त्यात सांगड घातलेली आहे. आठवड्यातून एकदा दोन ते अडीच तासांचे सत्र होते, गटात साधारण आठ ते पंधरा जण असतात आणि सत्रांच्या मधल्या दिवसांत घरी रोज सराव करायचा असतो.

अलीकडे माइंडफुलनेस हा शब्द कार्यालयीन कार्यशाळांपासून चहाच्या जाहिरातींपर्यंत कुठेही दिसतो. या पानावर त्या सैल अर्थाविषयी काहीही म्हटलेले नाही. येथे एका ठरावीक आजारासाठी, ठरावीक क्रमाने शिकवल्या जाणाऱ्या आणि रुग्णांवर तपासून पाहिलेल्या पद्धतीची माहिती दिली आहे.

आता बरे वाटत असताना उपचार कशासाठी घ्यायचा?

कारण नैराश्य हा बऱ्याच जणांच्या बाबतीत उलटणारा आजार आहे. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या व्यक्तींना आयुष्यात ते पुन्हा गाठते आणि जितक्या वेळा येऊन गेले असेल तितकी पुढच्या खेपेची शक्यता वाढत जाते. मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यात आला तरी काळजी घेणे चालू ठेवायचे असते हे आपल्याकडे घरोघरी माहीत असते. नैराश्याच्या बाबतीत मात्र ‘आता चांगली झोप लागते, जेवण जाते, मग कशाला उगाच’ असे म्हणून डॉक्टरांकडे जाणे थांबते. शिवाय, तीव्र नैराश्यात एकाग्रता इतकी ढासळलेली असते की चाळीस मिनिटे बसून काही नवे शिकणे फार जड जाते. बरे वाटत असलेला काळ हाच शिकण्याचा खरा काळ असतो.

नैराश्य पुन्हा पुन्हा का उलटते? तसे काही घडलेले नसतानाही?

एमबीसीटीचा सगळा डोलारा या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

पहिल्या खेपेच्या नैराश्यामागे अनेकदा मोठा आघात सापडतो. जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, नोकरी जाणे किंवा लग्न मोडणे अशी काहीतरी घटना असते. पुढच्या खेपांच्या वेळी मात्र कारण शोधूनही हाती लागत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन टीसडेल यांनी 1980 च्या दशकात याचे जे स्पष्टीकरण मांडले ते थोडक्यात असे आहे: नैराश्याच्या काळात खिन्न मनःस्थिती आणि स्वतःविषयीचे कठोर विचार, म्हणजे ‘मी कुचकामी आहे’, ‘माझ्याच्याने काही होणार नाही’, हे महिनोन्‌महिने एकत्र नांदतात आणि त्यांची घट्ट जोडी जमते. आजार ओसरल्यावर हे विचार दिसेनासे होतात, पण जोडी सुटलेली नसते. त्यामुळे पुढे कधीतरी रात्रीची झोप मोडली, साहेब काही बोलले किंवा पावसाळी रविवारी मन जरासे उतरले, की ज्यांना नैराश्य होऊन गेलेले नाही त्यांच्या बाबतीत ती खिन्नता तिथेच विरते. ज्यांना होऊन गेले आहे त्यांच्या बाबतीत मात्र त्या हलक्याशा खिन्नतेबरोबर जुन्या विचारांची अख्खी फौज जागी होते.

यानंतर मन जे करते त्यात त्याचा हेतू चांगलाच असतो. ‘मला असे का वाटते आहे? माझे काय चुकते आहे? बाकीच्यांना कसे जमते?’ असे विचारून ते प्रश्न सोडवू पाहते. बिघडलेला पंखा दुरुस्त करताना किंवा प्रवासाचा बेत आखताना अशी कारणमीमांसा उपयोगी पडते. परंतु दुःख हे दुरुस्त करायचे यंत्र नसल्यामुळे उत्तर मिळत नाही, प्रश्न मात्र घोळत राहतात आणि तेच ते उगाळण्याने मनःस्थिती आणखी खाली जाते. एमबीसीटीचा रोख या उगाळण्यावर आहे. खिन्नता कोणालाच टाळता येत नाही; तिच्यापासून नैराश्यापर्यंतची जी घसरण असते, ती सुरू होत असतानाच ओळखू येणे आणि तिथे पाय रोवता येणे हे शिकवता येते.

ही पद्धत कोणी तयार केली?

टोरोंटोचे झिंडेल सीगल, त्या वेळी वेल्समधील बँगोर येथे असलेले आणि पुढे ऑक्सफर्डला गेलेले मार्क विल्यम्स, आणि केंब्रिजचे जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात. त्यांच्यावर सोपवलेले मूळ काम वेगळे होते: बरे झालेल्या रुग्णांना पुढेही देत राहता येईल अशी कॉग्निटिव्ह थेरपीची आवृत्ती तयार करणे. त्या शोधात ते अमेरिकेतील वूस्टर येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले. तेथे जॉन कबात-झिन 1979 पासून दीर्घकालीन वेदना आणि ताण असलेल्या रुग्णांना ध्यान शिकवत होते.

सुरुवातीला या तिघांनी ध्यानातील लक्ष वळवण्याचे तंत्र तेवढे उचलले आणि आपल्या कार्यक्रमाला ‘लक्ष-नियंत्रणाचे प्रशिक्षण’ असे नावही दिले. गटात कोणी तीव्र दुःख बोलून दाखवले, की ते थेरपिस्टच्या सवयीने ते सोडवायला धावत आणि गाडी अडत असे. वूस्टरचे शिक्षक मात्र अशा वेळी ते दुःख शरीरात कुठे जाणवते आहे याकडे मायेने पाहायला सांगत. हे लक्षात आल्यावर त्यांनी कार्यक्रमाची घडण बदलली आणि स्वतःही नियमित ध्यान करू लागले. ज्याचा स्वतःचा सराव नाही त्याने एमबीसीटी शिकवू नये, हा आजही पाळला जाणारा नियम तेव्हापासूनचा आहे.

आठ आठवड्यांत प्रत्यक्षात काय करून घेतात?

पहिल्या सत्रात हातावर एक बेदाणा ठेवला जातो. तो जणू कधी पाहिलेलाच नाही अशा नजरेने पाहायचा, सुरकुत्यांवर उजेड कसा पडतो ते बघायचे, बोटांत फिरवायचा, कानाजवळ न्यायचा, वास घ्यायचा, ओठांना लावायचा आणि मग एकदाच दाताखाली धरून चव कशी पसरते ते अनुभवायचे. पाच-दहा मिनिटे एका बेदाण्यावर घालवणे हास्यास्पद वाटते आणि गटात कोणीतरी हसतेच. पण एरवी आपण मूठभर बेदाणे तोंडात टाकतो तेव्हा त्यातला एकही ‘खाल्लेला’ नसतो, हे त्यातून कोणी न सांगता कळते. ज्या यांत्रिकपणाने बेदाणे खाल्ले जातात, त्याच यांत्रिकपणाने मन उदास विचारांच्या मागे जाते.

पुढे बॉडी स्कॅन येतो: आडवे पडून डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणे. त्यानंतर बसून श्वासावरचे ध्यान, सावकाश ताणण्याचे सोपे व्यायाम आणि चालताना पावलांकडे लक्ष देणे शिकवले जाते. एका आठवड्यात रोज एक सुखद प्रसंग टिपायचा असतो आणि पुढच्या आठवड्यात एक अप्रिय प्रसंग. त्या क्षणी शरीरात काय जाणवले, कोणती भावना होती, मनात कोणते शब्द आले, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे. वर्षानुवर्षे ‘मला बरे वाटत नाही’ एवढेच सांगता येणाऱ्या माणसाला छातीवरचे दडपण, चिडचिड आणि ‘मला कोणी विचारत नाही’ हा विचार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असे दिसू लागते, तेव्हा बरेच काही सुटे होते.

दुसऱ्या सत्रातील एक प्रयोग घरबसल्या करून पाहता येईल. समजा, तुम्ही पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावरून चालला आहात. समोरच्या बाजूला ओळखीची व्यक्ती दिसते. तुम्ही हसून हात करता. ती तुमच्याकडे न पाहता निघून जाते. मनात काय आले? कोणी म्हणते, ‘तिने पाहिले नसेल’. कोणी म्हणते, ‘काय शिष्ट आहे’. कोणाला वाटते, ‘माझे काहीतरी चुकले असणार’. तर कोणी काळजीत पडते, ‘हिच्या घरी सगळे ठीक असेल ना?’ रस्ता तोच आणि प्रसंगही तोच, पण गटातील दहा जणांनी दहा वेगळे प्रसंग अनुभवलेले असतात. विशेष म्हणजे तोच माणूस मन उतरलेले असताना एक उत्तर देतो आणि प्रसन्न असताना दुसरे.

तीन मिनिटांचा श्वासावकाश हा या अभ्यासक्रमातला सर्वांत छोटा आणि बहुतेकांच्या कामी येणारा सराव. आधी, या क्षणी मनात कोणते विचार आहेत, कोणती भावना आहे, शरीरात काय जाणवते आहे, एवढे फक्त पाहायचे. मग लक्ष पोटाशी होणाऱ्या श्वासाच्या हालचालीवर गोळा करायचे. शेवटी ते संपूर्ण शरीरभर पसरू द्यायचे. सुरुवातीला दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी. पुढे मन घसरू लागले आहे असे वाटेल तेव्हा. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास बहुतेक ठिकाणी एक पूर्ण दिवस मौनात सराव होतो. शेवटच्या सत्रांमध्ये कोणती कामे आपल्याला उभारी देतात, कोणती शोषून घेतात आणि आजार परतू लागल्याच्या आपल्या खुणा कोणत्या, याचा लेखी आराखडा केला जातो.

नेहमीच्या सीबीटीपेक्षा यात वेगळे काय?

सीबीटीमध्ये, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीमध्ये, विचाराचा मजकूर तपासला जातो. ‘मी कुचकामी आहे’ या विचाराला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, त्याऐवजी कोणता विचार अधिक रास्त ठरेल, असे विचारले जाते. एमबीसीटीमध्ये त्याच विचाराशी वाद घालत नाहीत. ‘मी कुचकामी आहे असा विचार आत्ता मनात आला आहे’ असे पाहण्याची सवय लावली जाते. विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, मनात घडणारी एक घटना आहे, हे डोक्याला पटणे सोपे असते. उदासीच्या लाटेत ते आठवणे कठीण असते आणि त्यासाठीच एवढा सराव लागतो. एक पद्धत दुसरीपेक्षा वरचढ आहे असे समजू नये. तीव्र नैराश्य चालू असताना सीबीटीला अधिक भक्कम आधार आहे.

याचा खरोखर उपयोग होतो, याला पुरावा काय?

2000 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत टोरोंटो, बँगोर आणि केंब्रिज येथील 145 व्यक्ती होत्या. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते, त्यांच्यात केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 66 टक्के जणांचा आजार सुमारे वर्षभरात उलटला. एमबीसीटी घेतलेल्यांत हे प्रमाण 37 टक्के होते. टीसडेल यांच्याच 2004 सालच्या, 75 जणांच्या चाचणीत हे आकडे अनुक्रमे 78 आणि 36 टक्के आले. त्याच वर्षी उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तीन किंवा अधिक खेपा झालेल्यांसाठी या पद्धतीची शिफारस केली.

या दोन्ही चाचण्यांत ज्यांना दोनदाच नैराश्य आले होते त्यांना लाभ दिसला नाही. त्यांचे नैराश्य बहुधा आयुष्यातील मोठ्या घटनांमुळे उलटत होते, तर तीन वा अधिक खेपांच्या रुग्णांत ते वर सांगितलेल्या उगाळण्यातून उलटत असावे, असा तर्क संशोधकांनी मांडला. पद्धत ज्या यंत्रणेवर काम करते, ती जिथे आहे तिथेच तिचा उपयोग होतो, हा या आकड्यांतला सर्वांत बोलका भाग वाटतो.

2016 साली नऊ चाचण्यांतील 1258 व्यक्तींची माहिती एकत्र करून विश्लेषण झाले. 60 आठवड्यांत एमबीसीटी घेतलेल्यांपैकी 38 टक्के, तर न घेतलेल्यांपैकी 49 टक्के जणांचा आजार उलटला. म्हणजे फरक सुरुवातीच्या चाचण्यांइतका मोठा नाही, पण आहे. ज्यांच्यात नैराश्याची थोडी लक्षणे शिल्लक होती, त्यांना लाभ अधिक झाला. अडतीस टक्के हा आकडाही लक्षात ठेवावा; ही पद्धत धोका कमी करते, हमी देत नाही.

हा कार्यक्रम केला तर गोळ्या बंद करता येतील का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यामागे ‘गोळ्यांची सवय लागेल’ ही भीती असते. नैराश्यविरोधी औषधांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. मात्र ती एकदम सोडल्यास चक्कर, झोपमोड, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो.

ब्रिटनमध्ये 424 रुग्णांवर झालेली, 2015 साली प्रसिद्ध झालेली चाचणी याच प्रश्नावर होती. दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या एका गटाला एमबीसीटी देऊन डॉक्टरांच्या मदतीने औषध हळूहळू कमी करण्यात आले, तर दुसऱ्या गटाने औषध चालू ठेवले. दोन वर्षांत पहिल्या गटात 44 टक्के आणि दुसऱ्यात 47 टक्के जणांचा आजार उलटला. एमबीसीटी वरचढ ठरेल ही संशोधकांची अपेक्षा पूर्ण झाली नाही, पण दोन्ही मार्गांचा निकाल जवळपास सारखा आला. याउलट, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या 478 जणांच्या दुसऱ्या चाचणीत, जी एमबीसीटीविषयी नव्हती, औषध कमी करत बंद केलेल्यांपैकी 56 टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला.

यातून निघणारा अर्थ असा, की औषध कमी करणे हा तुमच्या मनोविकारतज्ज्ञांबरोबर घ्यायचा निर्णय आहे आणि तो स्वतःच्या मनाने, ‘आता ध्यान चालू आहे ना’ म्हणून घेणे धोक्याचे आहे. औषध आणि एमबीसीटी दोन्ही बरोबर चालू ठेवण्यातही काहीच अडचण नाही.

मी विपश्यनेचे शिबिर केले आहे. मग हे वेगळे करण्याची गरज आहे का?

दोन्हींचे मूळ जवळचे आहे. कबात-झिन यांनी ज्या बौद्ध परंपरांतून सराव घेतले, त्यांत विपश्यना होती आणि सत्यनारायण गोएंका यांनी इगतपुरीच्या धम्मगिरीतून जी विपश्यना घराघरांत पोहोचवली, तीही ब्रह्मदेशातील त्याच व्यापक परंपरेतली आहे. फरक हेतूचा आणि मात्रेचा आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पूर्ण मौन आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान असते. हे साधनेचे शिबिर आहे, नैराश्यावरचा उपचार म्हणून ते आखलेले नाही. एमबीसीटीमध्ये रोज तासाभराच्या आतला सराव, दर आठवड्याला अनुभवाविषयी बोलणे आणि आजाराची माहिती यांवर भर असतो. विपश्यनेचा अनुभव असलेल्यांना एमबीसीटीतील बैठक सोपी जाते. परंतु नैराश्यातून नुकतेच सावरलेल्या व्यक्तीने थेट दहा दिवसांच्या मौनात जाणे योग्य नव्हे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते, तेथे ही माहिती लपवू नये.

यात काही धार्मिक आहे का?

नाही. मंत्र, मूर्ती, गुरुदीक्षा यांपैकी काहीही नसते. ज्यांना साक्षीभाव ही कल्पना आपल्या परंपरेतून परिचित आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल. ज्यांना नाही, त्यांचे काही अडत नाही.

कोणी हा कार्यक्रम आत्ता सुरू करू नये?

ज्यांच्या मनात सध्या आत्महत्येचे विचार तीव्र आहेत, ज्यांना भास-भ्रम होत आहेत, ज्यांचे दारू किंवा अन्य व्यसन चालू आहे, किंवा ज्यांच्यावर नुकताच मोठा आघात झाला आहे, त्यांनी आधी त्यावरचे उपचार घ्यावेत. बालपणी अत्याचार सहन केलेल्यांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे: डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेल्यावर जुन्या आठवणी उसळू शकतात, म्हणून अनुभवी शिक्षक हवा, आणि तरीही वर उल्लेख केलेल्या 2015 च्या चाचणीत, बालपणी तीव्र छळ सोसलेल्यांमध्ये एमबीसीटी घेणाऱ्यांचा आजार कमी प्रमाणात उलटल्याचे दिसले. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा रडू येणे अनेकांना जाणवते. ते शिक्षकांना सांगावे, सहन करत बसू नये. या सगळ्यासाठीच पहिल्या सत्राआधी प्रत्येकाशी स्वतंत्र मुलाखत होते. ती न घेता थेट पैसे भरून घेणाऱ्या ठिकाणी जाऊ नये.

माझे मन ध्यानात लागतच नाही. मला जमेल का?

मन भटकणे हे अपयश नाही. ते भटकल्याचे लक्षात येणे आणि लक्ष परत आणणे, एवढाच सराव आहे.

घरात शांतता नाही. रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटे कुठून आणायची?

दोन खोल्यांच्या घरात, कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका आणि पाण्याची वेळ सांभाळत हे करणे अवघड आहे, हे मान्यच केले पाहिजे. विशेषतः ज्या बाईने डोळे मिटून बसणे म्हणजे ‘रिकामी बसली आहे’ असे समजले जाते तिच्यासाठी. पूर्ण शांतता मिळण्याची वाट पाहू नये. शिटी वाजली तर तो आवाज ऐकणे हाही सरावच आहे. घरच्यांना मात्र आधी सांगावे, आणि ‘ध्यान करते’ यापेक्षा ‘डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे’ असे सांगितल्यास अनेक घरांत कुरकुर कमी होते. हे आठ आठवडे घरातले लग्न, परीक्षा किंवा गणपती यांच्याशी अडकणार नाहीत असे निवडता आले तर उत्तम.

ॲप किंवा यूट्यूबवरून शिकले तर चालेल का?

सर्वसाधारण ध्यानाच्या ॲपने मन शांत होईल, पण त्याला नैराश्य उलटू नये म्हणून केलेला उपचार म्हणता येणार नाही. खास एमबीसीटीवर बेतलेला ऑनलाइन कार्यक्रम वेगळा. अमेरिकेत लक्षणे शिल्लक असलेल्या 460 जणांना असा कार्यक्रम नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिला, तेव्हा त्यांची लक्षणे अधिक कमी झाल्याचे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांबाहेर, किंवा परदेशात राहून मराठीत बोलणारा शिक्षक शोधणाऱ्यांसाठी थेट संवाद असलेला ऑनलाइन गट हा त्यातल्या त्यात व्यवहार्य पर्याय आहे.

शिक्षक कसा निवडावा?

तीन गोष्टी विचाराव्यात. नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करण्याचे शिक्षण आहे का. भारतात मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास उत्तम. एमबीसीटी शिकवण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, की शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र आहे. आणि त्यांचा स्वतःचा सराव रोजचा आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. चांगल्या शिक्षकाला तो अपेक्षितच असतो.

घरच्यांनी काय करावे?

आजार परतू लागल्याच्या खुणा अनेकदा रुग्णाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतात. एखाद्याचे पहाटे तीनला जागे होणे, एखादीचे मैत्रिणींचे फोन न उचलणे, कोणाची अंघोळ दुपारवर जाणे, तर कोणाचे क्षुल्लक गोष्टीवरून भांडणे. शेवटच्या सत्रांत होणारा लेखी आराखडा रुग्णाच्या संमतीने घरातील एका व्यक्तीने वाचावा, आणि खूण दिसल्यावर काय बोलायचे हेही आधीच ठरवून घ्यावे. ‘गेलीस का पुन्हा त्याच वळणावर?’ असे विचारण्यापेक्षा ‘चल, खाली एक चक्कर मारून येऊ’ हे बरे. ‘ध्यान केलेस का आज?’ असा रोजचा तगादा लावू नये.

सगळे करूनही नैराश्य परत आले तर?

तर उपचार पुन्हा सुरू करायचे, आणि ते लवकर सुरू करायचे. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, झोप आणि भूक बिघडली, तर लांब सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. त्या दिवसांत पंचेचाळीस मिनिटे बसण्याचा हट्ट धरू नये. तीन मिनिटांचा श्वासावकाश आणि चालणे पुरेसे आहे. जीव नकोसा वाटत असेल तर कोणाला तरी त्याच दिवशी सांगावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. तातडीच्या प्रसंगी जवळच्या रुग्णालयातील आपत्कालीन विभागात जावे.